माझ्या वाट्याचं शून्य

नववीत असताना एका शनिवारी गणिताच्या सरांनी फळ्यावर १९३७०७७२१ हा आकडा लिहिला आणि नऊ जणांना त्यातला एकेक अंक वाटला. आपापल्या अंकानं ७६१८३८२५७२८७ ला गुणायचं आणि ओळी एकाखाली एक मांडायच्या. दोन्ही टोकांच्या मुलांना १ मिळाला, ती खुशीत. मधोमधचं शून्य माझ्या वाट्याला आलं. वर्ग हसला, माझी गणितातली कीर्ती सगळ्यांना ठाऊक होती.

फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात आठवडाभराचं काम होतं. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट सांगून सरांनी आम्हाला दुप्पट करत बसवलं होतं, तेही ६४ घरांवर न थांबता आणखी तीन घरं जोडून. सगळे दाणे मिळून १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. म्हणजे २ चा ६७ वा घात, वजा १.

१६४४ मध्ये मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं अशा मूळ संख्यांची यादी दिली, तीत हीदेखील होती. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्युका यांनी ही संख्या मूळ नाही, संयुक्त आहे असं सिद्ध केलं. पण अवयव त्यांनाही सापडले नाहीत. हे मला काही केल्या पटेना. भाग कशानं जातो ते माहीत नाही आणि जातो म्हणायचं? सर म्हणाले, "चोर घरात आहे एवढं कळलंय. कुठल्या खोलीत, ते नाही."

खोली सापडली १९०३ मध्ये, अमेरिकेचे गणिती फ्रँक नेल्सन कोल यांना. न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत ते न बोलता फळ्यापाशी गेले, एकीकडे घात काढला, दुसरीकडे आम्हाला दिलेल्या याच दोन आकड्यांचा गुणाकार केला, उत्तरं जुळली, आणि ते जागेवर जाऊन बसले. किती वेळ लागला विचारल्यावर 'तीन वर्षांचे रविवार' म्हणाले, असं सांगतात. त्यात थोडं तिखटमीठ असेलही, पण सर हा प्रसंग मुक्यानं करून दाखवत तेव्हा वर्ग चिडीचूप असे. या संख्येच्या कुठल्याही विभाजकाला १३४ नं भागलं की बाकी १ उरते. तेवढेच आकडे ओळीनं तपासत गेलं, तरी १९३७०७७२१ चा नंबर १४,४५,५८० वा!

आमची बेरीज झाली. शेवटच्या आकड्यांत ६७६४१२९२७ हवं होतं, आलं ६७७३१२९२७. नवाचा ताळा, म्हणजे अंकांच्या बेरजेला नवानं भागून उरणारी बाकी, घेतला तर तो चोख जुळतोय. पुन्हा बेरीज केली, तेच उत्तर. बाकीचे आपापल्या ओळी तपासू लागले; मला तपासायला काही नव्हतं, म्हणून मी फळ्याकडे बघत बसलो. सात हा अंक तीनदा होता, म्हणजे तीन ओळी सारख्या हव्यात. दोन होत्या ५३३२८६७८०१००९. वरून तिसरी होती ५३३२८६७८१०००९.

"सर, तिथं ०१ चं १० झालंय."

शेजारचे अंक उलटले तरी अंकांची बेरीज तीच राहते, म्हणून नवाच्या ताळ्याला ते दिसतच नाही. सरांनी लगेच अकराचा ताळा शिकवला: उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, आलेल्या उत्तराला अकरानं भागून बाकी बघायची. खऱ्या उत्तराचा ६ येतो, आमच्या चुकलेल्याचा ८.

पुढे मी बँकेत लागलो. दिवसअखेर हिशेबात फरक आला की आधी त्याला नऊनं भाग जातो का ते बघायचं. जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे टाकले असण्याचा संशय घ्यायचा. हे शिकायला मला प्रशिक्षणाला जावं लागलं नाही.

मी शाबासकीची वाट बघत उभा होतो. सरांनी माझ्या पाचव्या ओळीवर खडू टेकवला आणि शून्यं मोजली. "बारा काढलीस? एक पुरलं असतं."