पुस २० गते पोखऱ्यात लग्न, आणि माझी नेपाळमधली सेवा संपायला उरलेले तीन आठवडे

तानसेनच्या मिशन हॉस्पिटलात माझी दोन वर्षं संपत आली होती, लेबर रूमचा हँडओव्हर अर्धवट, बॅगा उघड्या, आणि तेवढ्यात सोबत ड्युटी करणारी माझी लाडकी बहिनी (नेपाळीत धाकटी बहीण, वहिनी नव्हे) स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. पत्रिकेवर लिहिलेलं, २०८१ साल पुस (त्यांचा पौष महिना) २० गते (तारीख). ते म्हणजे ४ जानेवारी २०२५, शनिवार. पहिली सूचना इथेच: नेपाळी पत्रिकेवरची तारीख विक्रम संवताची असते, ती बदलून बघितल्याशिवाय तिकीट काढू नका. दुसरं म्हणजे पुसात तिथे हिंदू लग्नं होत नाहीत, मुहूर्तच नसतो, त्यामुळे हॉल रिकामे असतात आणि ख्रिस्ती लोकांना तो महिना अगदी सोयीचा पडतो. फक्त थंडी मरणाची.

आई-पप्पा मिरजेहून मला न्यायला येणारच होते, म्हटलं दोन आठवडे आधी या, लग्नही होईल. तर त्यांचा रूट सांगते, मराठी माणसाला हाच स्वस्त पडतो. मुंबईच्या एलटीटीहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बस नाहीतर जीपने सरहद्दीवरची सुनौली, साधारण तीन तास, मग कमानीखालून चालतच नेपाळात. पुढे भैरहवा, बुटवल आणि शेवटचे चाळीसेक किलोमीटर घाट चढून तानसेन. व्हिसा नाही लागत पण पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड जवळ ठेवा, आधार फक्त १५ च्या खालच्यांना आणि ६५ च्या वरच्यांना चालतं. पप्पा ६६ चे म्हणून सुटले, आईचं मतदार कार्ड मी फोन करकरून बॅगेत टाकायला लावलं होतं. डिसेंबर-जानेवारीत गोरखपूरकडे धुकं इतकं असतं की गाडी नऊ तास लेट आली, त्यामुळे लग्नाच्या आधी दोन दिवस हातात ठेवाच. बुटवलच्या पुढे सिद्धबाबापाशी दरडी कोसळतात, पावसाळ्यात येणार असाल तर रस्ता चालू आहे का ते विचारूनच निघा.

पैसे सोपे आहेत, आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १.६०, दर ठरलेलाच. शंभरच्या नोटा न्या, मोठ्या नोटांच्या भानगडीत पडू नका. २०२४ पासून फोनपेच्या क्यूआरवर (हे नेपाळचं फोनपे, आपलं नव्हे) आपलं यूपीआय चालतं, पोखऱ्यात मी चहाचे पैसेसुद्धा तसेच दिले, पण डोंगरातल्या दुकानात रोखच लागते.

आता एक गंभीर गोष्ट. पप्पांनी बॅगेत पत्रिकांचा गठ्ठा आणलेला, लग्नाच्या नाही, सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगणाऱ्या. वाटायला. मी तो कपाटात कुलूपबंद केला आणि त्यांना राग आला. पण तिथे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात धर्मांतर घडवणं किंवा त्याला उत्तेजन देणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, आणि परदेशी माणसाला शिक्षा संपली की देशाबाहेर काढतात. आपण चार दिवसांचे पाहुणे, निघून जाऊ, त्रास तिथल्या ख्रिस्ती मंडळीला होईल. पाहुण्याने पाहुण्यासारखंच राहावं.

तानसेनहून पोखरा म्हणजे नुसती वळणं. बर्तुङला हायवेवर बस पकडली, रामदीला काली गंडकी ओलांडली, आणि आईने तिथपर्यंत दोन पिशव्या भरल्या. ओकारीची गोळी अर्धा तास आधी घ्या, खिडकीची जागा सोडू नका. बसमध्ये सगळे कंडक्टरला ‘दाइ दाइ’ हाक मारतायत तर आई मला हळूच म्हणते, अगं हा पण बाळंतपणं करतो का? दाइ म्हणजे मोठा भाऊ हे समजावेपर्यंत स्याङ्जा आलं.

लग्न शनिवारच्या उपासनेनंतर. नेपाळात सुट्टी शनिवारची म्हणून उपासनाही शनिवारीच, रविवारी जाल तर दाराला कुलूप. चपला बाहेर, खाली गालिच्यावर मांडी घालून बसायचं, बाया एकीकडे पुरुष एकीकडे. दोन तास सहज जातात, जाड मोजे घाला आणि गुडघे दुखत असतील तर मागच्या खुर्चीवर आधीच जाऊन बसा, कोणी काही म्हणत नाही. सलाम-बिलाम नाही, तिथे ‘जयमसीह’ म्हणतात. पप्पांची गंमत म्हणजे लिपी देवनागरीच ना, त्यांनी शेजारच्याचं भजनाचं पुस्तक घेतलं आणि मादलच्या (तिथला ढोलकीसारखा) तालावर अर्थ कळत नसताना खणखणीत आवाजात सगळी कडवी गायली. पाळकसाहेबांनी वळून बघितलं. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, दोन वर्षं मी त्या मुलीला गणवेशातच बघितलेली.

आहेर म्हणून खादा न्या, रेशमासारखा उपरण्याएवढा कपडा, बाजारात स्वस्तात मिळतो, नवरा-नवरीच्या गळ्यात घालायचा आणि पाकीट हातात द्यायचं. जेवणात भात, खसीचं मटण, तरकारी, अचार. पोळी मागू नका, पप्पांनी मागितली. दारू नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माछापुच्छ्रे शिखर स्वच्छ दिसलं, ते बघून रामघाटच्या चर्चला गेलो, १९५२ ची मंडळी, नेपाळमधली पहिली. पप्पांना मी सांगितलं की आमचं हॉस्पिटल चालवणारं मिशन १९५४ च्या मार्चमध्ये आपल्या नागपुरात स्थापन झालं, तेव्हा कुठे पत्रिकांवरचा राग उतरला.

परतीची बस वाटेत बंद पडली, रात्र एका धाब्यावर काढली, आणि हँडओव्हरचे जे चार दिवस मी धरले होते त्यातला एक गेला, एक तापात गेला. सेवा संपताना लग्न आलं तर जा, नक्की जा, पण चार्ज आधी देऊन मग जा. मी घाईघाईत सह्या केल्या, निरोपाला सगळे रडले, मिरजेला पोचले, आणि आठवड्याने नव्या नवरीचा फोन, दिदी, औषधाच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस?

माझ्या कोटाच्या खिशात. त्यांनी कुलूप तोडलं म्हणा, पण त्याच किल्लीने स्टोअरचं छोटं कपाटही उघडतं. तर कोणी येत्या महिन्यात तानसेनकडे जाणार असेल तर कळवा, किल्ली देते, सोबत थोडी शेंगदाण्याची चटणी पण.