ती फायनलला गोल मारते तेव्हा आमच्या पानावर जागा नसते

२४ मे २०२५, शनिवार, रात्रपाळी. मी कोल्हापुरात एका पेपरच्या स्पोर्ट्स डेस्कवर आहे, उपसंपादक, म्हणजे एजन्सीची कॉपी मराठीत करायची, हेडिंग लावायचं, ऑपरेटरच्या मागं उभं राहून पान बसवून घ्यायचं आणि वर शिव्या खायच्या. त्या दिवशी पानाची वाट लागणार हे दुपारीच कळलं होतं. गिलला टेस्टचा कॅप्टन केलेलं, पंत उपकर्णधार, करुण नायर परत टीममध्ये, रात्री जयपूरला पंजाब-दिल्ली मॅच, आणि मान्सून आठ दिवस आधीच केरळात पोचला म्हणून पहिल्या पानावरच्या दोन बातम्या आत ढकललेल्या, त्यांच्या धक्क्यानं एक जाहिरात घरंगळत आमच्या पानावर. मला उरला एक सिंगल कॉलम, दहा सेंटिमीटर.

त्यात बसवायची होती फुटबॉलमधल्या विमेन्स चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या महिला क्लबांच्या स्पर्धेची, फायनल. लिस्बनला, आर्सेनल विरुद्ध बार्सिलोना, आपल्याकडच्या साडेनवाला सुरू.

आमच्या चीफ सबना सगळे काका म्हणतात. ते म्हणाले, "बार्साच जिंकणार आहे, आत्ताच लिहून ठेव की. नंतर नुसता स्कोअर टाक." त्यांचं काही चुकत नव्हतं. बार्सा २०२३ आणि २०२४ ला लागोपाठ जिंकलेली, तिसऱ्यांदा जिंकायला आलेली, आणि आर्सेनलनं हा कप शेवटचा उचलला होता २००७ मध्ये. मी मुकाट्यानं लिहून ठेवलं, 'बार्सिलोनाची हॅटट्रिक', खाली चार परिच्छेद, शेवटचा 'सलग तिसऱ्या विजेतेपदासह बार्सिलोनाने...' असा. हा शेवटचा परिच्छेद लक्षात ठेवा.

पण माझा जीव आर्सेनलच्या बेंचवर अडकलेला. तिथं स्टिना ब्लॅकस्टेनियस बसली होती, स्वीडनची फॉरवर्ड, आणि आमचं म्हणजे माझं एकतर्फी जुनं नातं आहे.

२०१६ ला मी नवीनच लागलो होतो. रिओ ऑलिंपिकमध्ये ही वीस वर्षांची पोरगी, क्वार्टर फायनलला अमेरिकेविरुद्ध गोल, मॅच पेनल्टीवर स्वीडननं काढली, मग जर्मनीविरुद्धच्या फायनललाही गोल, पण स्वीडन २-१ नं हरली. आता ही फायनल कधी होती, तर १९ ऑगस्टला, ज्या दिवशी सिंधू मारिनशी फायनल खेळली. ब्राझीलची वेळ म्हणजे आपल्याकडं पहाट, पेपर छापून झालेला, आणि दुसऱ्या दिवशी पानभर सिंधू. मी दोन ओळी लिहिल्या, त्या संक्षिप्तमध्येसुद्धा बसल्या नाहीत. मग टोकियो, ६ ऑगस्ट २०२१. योकोहामाला फायनल, कॅनडाविरुद्ध ३४ व्या मिनिटाला हिचाच गोल, पुढं कॅनडानं पेनल्टीवर बरोबरी केली, शूटआउटला स्वीडनच्या सेगरनं मारली असती तर सोनं होतं, तिची वर गेली, आणि परत रौप्य. त्याच दिवशी सकाळी आपल्या हॉकीच्या पोरी ब्राँझसाठी ब्रिटनशी ४-३ हरल्या होत्या, सगळं ऑफिस रडवेलं, पानभर राणी रामपाल. तेव्हाही स्वीडनला दोनच ओळी, पण छापल्या तरी.

म्हणजे दोन ऑलिंपिक फायनल, दोन्हीत गोल, दोन्ही हरलेल्या, आणि दोन्ही वेळा आमच्याकडं जागा नाही.

बाकीचं थोडक्यात सांगतो. गाव वाडस्टेना, मग लिंशोपिंग, फ्रान्सला माँपेलिये, परत स्वीडन, तिथं गोथेनबर्गच्या हेकेनकडनं खेळली आणि जानेवारी २०२२ ला आर्सेनल. १९ वर्षांखालचा युरो कप २०१५ ला स्वीडननं जिंकला तो हिच्याच गोलांवर. २०१९ च्या वर्ल्ड कपला कॅनडाला घरी पाठवणारा गोल हिचा, जर्मनीला पाठवणारा पण हिचाच. ३१ मार्च २०२४ ला इंग्लंडच्या लीग कपची फायनल, चेल्सीविरुद्ध, ११६ व्या मिनिटाला गोल, १-० जिंकले. तेव्हा आपल्याकडं आयपीएल. असो.

आणि तरी पब्लिक तिला नावं ठेवतं, चान्स घालवते म्हणून. घालवते, खोटं कशाला बोला. ऑफसाइडही सारखी सापडते. पण चान्स घालवायला आधी तिथं पोचावं लागतं की! आमच्या शाहू स्टेडियमवर पेठा-तालमींच्या टीमच्या मॅचला बघा, अर्धे फॉरवर्ड बॉल पायात यायची वाट बघत उभे असतात. ही बॉल नसताना पळते, सारखी दोन डिफेंडरच्या मधल्या फटीत, दहातल्या आठ वेळा पास येतच नाही, आणि परत पळते.

तर त्या रात्री. डेस्कवरचा टीव्ही आयपीएलला दिलेला, मी मोबाइल डब्याला टेकवून फायनल लावलेली. बॉल एकदा बार्साच्या जाळ्यात गेला पण ऑफसाइड निघाला. सेकंड हाफच्या सुरुवातीलाच बार्साच्या पिनाचा शॉट बारवर आदळला, तेव्हा काका पलीकडनं, "झाला का?" ०-० असतानाच डाक आवृत्तीचं, म्हणजे लांबच्या गावांना लवकर जाणाऱ्या अंकाचं, पान सोडायला लागलं, तिथं 'उशिरापर्यंत गोलशून्य' असं काहीतरी ढकललं. ६७ व्या मिनिटाला ब्लॅकस्टेनियस आणि बेथ मीड एकदमच आत आल्या. थोड्या वेळात हिला एक सोन्यासारखा चान्स, समोर फक्त गोलकीपर, आणि मारला तिच्याच अंगावर. आमचा ऑपरेटर स्वतः तालमीकडनं खेळलेला, माऊस सोडून मागं वळला, "हिला कशाला आणली रं?" मी काहीच बोललो नाही, मनात म्हटलं आता एक येईल.

७४ वं मिनिट. मीडनं पास असा सरकवला की बार्साच्या डिफेंडर बघतच राहिल्या, हिनं एक टच घेतला आणि जमिनीलगत कोपऱ्यात. १-०. मी ओरडलो. सगळ्या डेस्कला वाटलं जयपूरला विकेट पडली.

पुढची पंधरा-वीस मिनिटं मी फक्त घड्याळ बघत होतो, एकदा मॅचचं, एकदा शहर आवृत्तीचं. शिट्टी वाजली तसा काकांच्या टेबलाशी. म्हटलं, काका, डीसी, म्हणजे डबल कॉलम पाहिजे, फोटोसकट. अहो, ऑक्टोबरात बायर्नकडनं ५-२ मार खाल्ला, त्यावर कोचनं राजीनामा दिला, रियाल माद्रिदकडं ०-२ हरून घरी ३-०, घरी लियॉनकडनं १-२ आणि त्यांच्या गावात जाऊन ४-१, ही टीम १८ वर्षांनी जिंकली आणि तुम्ही दहा सेंटिमीटर देताय? काका बराच वेळ गिलच्या फोटोकडं बघत बसले, मग त्याचे पाय कापले. मला डबल कॉलम मिळाला.

आता हेडिंग. ब्लॅकस्टेनियस हे नाव दोन कॉलमात बसत नाही. काहीही करा, बसत नाही. पॉइंट कमी केला तर बातमी मेल्यासारखी दिसते, नुसतं 'स्टिना' लिहिलं तर काका म्हणाले कुणाची रं ही? शेवटी 'आर्सेनल १८ वर्षांनी अजिंक्य', आणि नाव फोटोखाली. सव्वाबारा झाले, पान सोडलं, खाली जाऊन चहा मारला, इतकं बरं वाटत होतं.

सकाळी साडेआठला फोन. एक वाचक, आवाजावरनं वयस्कर, एकेकाळी पेठेचे गोलकीपर होते म्हणे. "साहेब, वर आर्सेनल जिंकलंय आणि खाली बार्सिलोना. नक्की जिंकलं कोण?"

मी पेपर उघडला. हेडिंग नवं, इंट्रो नवा, तिसरा परिच्छेदही नवा, आणि शेवटी दिमाखात 'सलग तिसऱ्या विजेतेपदासह बार्सिलोनाने'. घाईत तो उडवायचाच राहिला होता. मी सॉरी म्हटलं. ते हसले, म्हणाले, "ऱ्हाऊ दे हो. गोल कसा मारला तेवढं सांगा, मी बघितला नाही." मग अंथरुणातनंच त्यांना सगळा गोल सांगितला, पास, टच, कोपरा, गोलकीपर कुठं उभी होती ते त्यांनी दोनदा विचारलं.

काकांनी नंतर जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुरुस्ती मंगळवारी छापून आली, सिंगल कॉलम, तळाला. तिथंही तिचं नाव ओळीत मावेना, ऑपरेटरनं मधेच तोडलं, 'ब्लॅकस्टे' वर आणि 'नियस' खाली.