बाई तोंडी विचारायच्या

पाचवी ते दहावी मी या शाळेत होतो. मी दहावी पास झालो नाही. तरीही महोत्सव समितीने स्मरणिकेसाठी माझ्याकडे मनोगत मागितलं, याचं मला फार अप्रूप आहे. मी सांगतो आहे आणि माझी भाची लिहून घेते आहे. मालवण बंदरावर मी ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. वाचायला मला आजही वेळ लागतो.

वडिलांनी लहानपणी माझे डोळे तपासून आणले होते. नजर साफ होती. काही मुलांना अक्षरं हलताना दिसतात म्हणे, माझी अक्षरं जागेवरच असायची. अडायचं ते अक्षराला आवाज जोडताना. ‘शिक्षक’ लिहिताना वेलांटी आधी काढायची, पण तिचा उच्चार ‘श’नंतर. ‘सूर्य’ म्हणताना ‘र’ आधी येतो, लिहिताना मात्र तो ‘य’च्या डोक्यावर जातो. हे बाकीच्या मुलांच्या अंगवळणी कधी पडलं, ते त्यांनाही सांगता येणार नाही. मी मात्र प्रत्येक शब्दापाशी नव्याने थांबायचो आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरून जायचो. आकड्यांचंही तसंच. ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी ऐकू येई, म्हणून मी 35 लिहायचो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर तिची टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर तिच्यामागचं कारण लोकांना समजावून सांगत होत्या. मला ते समजावण्याची गरज पडली नाही. माझी पाटी अशा आकड्यांनी भरलेली असायची.

माझ्या वेळी याला आळस म्हणत. उभं राहून धडा वाचायचा, अडलं की छडी, आणि मागे पोरांचं हसणं. तेव्हा सगळ्याच शाळांत हे चाले, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

बोलायचं आहे ते भूगोलाच्या बाईंबद्दल. सहामाहीच्या परीक्षेत भरती-ओहोटीच्या प्रश्नाखाली मी दोन मोडक्या ओळी लिहिल्या होत्या. बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावलं आणि तोच प्रश्न तोंडी विचारला. माझे वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जायचे. अमावास्या-पुनवेला उधाण का येतं, अष्टमीला भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, का असते, पाणी रोज पाऊण तास उशिरा का चढतं, हे मी बाईंना हातवारे करून सांगितलं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “यापुढे तू सांग, मी लिहिते.” घटक चाचण्यांना त्या माझी उत्तरं स्वतः लिहून घेऊ लागल्या. वडिलांना त्यांनी शाळेत बोलावलं तेव्हा ते घाबरतच आले. “माझो झील मठ्ठ नाय, बाई. इंजिन खोलल्यान तर परत जोडता तो,” एवढंच म्हणाले. “मला माहीत आहे,” असं बाईंचं उत्तर होतं. शाळेत माझ्याबद्दल कुणी असं म्हणाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

शाळा सुटल्यावर त्या मला पुळणीवर न्यायच्या. ओल्या वाळूत बोटाने हातभर मोठं जोडाक्षर काढायचं आणि काढता काढता मोठ्याने म्हणायचं. हात, कान, डोळे, तोंड सगळं एकदम कामाला लावून शिकवण्याची ही रीत जगभर वापरतात, हे मला खूप पुढे कळलं. बाईंना ते कुणी शिकवलं होतं का, ठाऊक नाही. वाळूत गिरवून माझा वेग वाढला नाही, पण जोडाक्षरं बसली. आज इंजिनाची पुस्तिका मी सावकाश का होईना, स्वतः वाचतो.

माझ्या मुलीला तिसरीत तीच अडचण आली. हे घराण्यात उतरू शकतं. मुंबईला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित अडण्याचा, तपास होतो, तिथे तिला नेलं. आधी डोळे आणि कान, मग बुद्धीची चाचणी, मग वाचन, लेखन आणि गणित वेगवेगळं तपासलं. बुद्धी चांगली, वाचन मात्र इयत्तेच्या पुष्कळ मागे. तिथल्या शिक्षिकेने मला एक गोष्ट सांगितली. 1896 साली इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली होती. मुलगा हुशार, गणितात चांगला, पण वाचता येत नव्हतं. सगळं शिक्षण तोंडी असतं तर शाळेत हाच सर्वांत हुशार ठरला असता, असं त्याचे मास्तर म्हणाले होते. ते ऐकताना मला बाई आठवल्या आणि डोळे भरून आले.

महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना 1996 पासून सवलती आहेत. मी त्याआधीच दहावीला बसलो होतो. पुढे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांमध्ये अध्ययन अक्षमताही आली. माझ्या मुलीला ताशी वीस मिनिटं जादा मिळाली, लेखनिक मिळाला आणि शुद्धलेखनाचे गुण कापले गेले नाहीत. उत्तरं तिची स्वतःची होती. ती आता अकरावीत आहे. धडे मोबाइलवर ऐकते आणि मला ऐकवते.

कोकण विभागाचा दहावीचा निकाल वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, याचा मलाही अभिमान आहे. पण नववीतच शाळा सोडलेली पोरं माझ्याकडे काम शिकायला येतात. पान्याचा नंबर त्यांचा कधी चुकत नाही, बिलावरचं नाव मात्र त्यांना वाचता येत नाही. ती निकालात मोजलीच जात नाहीत. शाळेला माझी विनंती त्यांच्यासाठी आहे. तिसरी-चौथीतच अशी मुलं ओळखा. तयारी नसताना त्यांना वर्गासमोर वाचायला उभं करू नका. उत्तर बरोबर असेल तर ऱ्हस्व-दीर्घासाठी गुण कापू नका. आणि आईवडिलांना बोलावलंत तर आधी मूल कशात हुशार आहे ते सांगा.

मुंबईची खेप, अध्ययन अक्षमतेचा दाखला, सवलतीसाठी बोर्डाचा अर्ज हे सगळं मी केलेलं आहे. कागदांची फाईल माझ्या दुकानात असते. ज्या पालकांना गरज असेल त्यांनी बंदरावर यावं. लिहिता-वाचता येत नसेल तरी यावं, अर्ज माझी मुलगी भरून देईल.