‘बस’ म्हणजे नक्की काय?

आज दार उघडल्यावर बंड्याने अंगावर उडी मारली नाही. बसला. पूर्ण चार सेकंद!

बंड्या म्हणजे आमचं पाच महिन्यांचं गावठी कुत्र्याचं पिल्लू. गेले तीन आठवडे रोज पाच-पाच मिनिटं शिकवणी चालू आहे, त्याहून जास्त वेळ त्याचं लक्ष टिकत नाही. (माझंही नाही.) बूड जमिनीला टेकलं की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा द्यायचा. दोन सेकंद उशीर झाला की पठ्ठ्या उठलेला असतो आणि बक्षीस उठल्याबद्दल मिळतं. उडी मारली की आधी मी त्याला ढकलायचो. त्याला वाटायचं, खेळ सुरू झाला. आता गप्प पाठ फिरवतो.

खरा घोळ शब्दाचा होता. मी ‘बस’ म्हणायचो, आई ‘खाली बस रे सोन्या’. आणि जेवताना बाबा आईला ‘बस, बस, भात पुरे’ म्हणाले की हा टेबलाखाली शिस्तीत बसून खाऊची वाट बघायचा! शेवटी सर्वानुमते ‘सिट’ ठरलं.

बाबा अजून टेबलाखालून पोळी देतातच. त्यांना कोण शिकवणार?