होमस्कूलिंगमधील लेखनसराव: आषाढापासून दिवाळीपर्यंतची नोंद

या वेळची नोंद केवळ लेखनाविषयी आहे, कारण घरी शिकणाऱ्या प्राथमिक वयाच्या मुलांच्या पालकांची दुसऱ्या कोणत्याही विषयावरून इतकी घालमेल होत नाही. गणितात मूल कुठे अडले ते लगेच कळते, वाचन कानावर पडते. लेखनाच्या बाबतीत मात्र ‘रोज किती पाने?’ याच प्रश्नाभोवती सगळे फिरत राहते. आम्ही यावल तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात राहतो. मोठी मुलगी नऊ वर्षांची असून बालभारतीची चौथीची पुस्तके वाचते, तर धाकटा साडेसहा वर्षांचा आहे. या काळात आम्ही पानांचा हिशेब सोडून दुसरे एक माप धरले: मूल एखादा विषय तोंडी जेवढा सांगते आणि तोच विषय स्वतःच्या हाताने जेवढा लिहिते, त्या दोहोंमधील अंतर. सराव किती हवा आणि कशाचा हवा, हे त्या अंतरावरून ठरवायचे.

शाळेत मुले एवढे लिहितात, त्यामागे लेखनकौशल्याइतकेच व्यवस्थेचेही कारण आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्राथमिक वर्गांसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण सांगतो. तीस जणांपैकी प्रत्येकाला काय समजले, हे रोज तोंडी विचारणे कोणत्याही गुरुजींना शक्य नसते. म्हणून प्रश्नोत्तरे, गाळलेल्या जागा आणि जोड्या वहीत उतरतात आणि वही तपासून काम भागते. घरी मात्र एका मुलासमोर एक माणूस बसलेला असतो आणि परिसर अभ्यासाच्या धड्यावर पाच मिनिटे बोलले की मुलाला काय कळले ते उघड होते. त्यामुळे ज्ञान तपासण्यासाठीचे लेखन आम्ही जवळजवळ पूर्णपणे काढून टाकले. उरले ते निव्वळ लेखनाचे शिक्षण, आणि त्याचेही दोन स्वतंत्र भाग आहेत: हाताला अक्षराचे वळण लागणे आणि मनातील मजकूर कागदावर मांडता येणे. लहान मुलाकडून ही दोन्ही कामे एकाच वेळी करून घेतली, तर अक्षर काढण्यातच त्याचे सारे लक्ष खर्च होते आणि सांगण्यासारखे पुष्कळ असूनही वाक्य मात्र तीन शब्दांचे होते.

धाकट्याकडे सध्या फक्त पहिला भाग आहे. त्याला रोज 10 मिनिटे पुरतात, असे माझे आता ठाम मत झाले आहे. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (1842–1923) यांनीही लहान मुलांचे लिहिण्याचे पाठ पाच ते दहा मिनिटांपलीकडे नेऊ नयेत, असेच सांगितले होते. अर्थात त्यांच्यासमोर रोमन लिपी होती. देवनागरीत हाताला वेगळीच कसरत करावी लागते. ‘कि’ उच्चारताना इकार नंतर येतो, पण लिहिताना ऱ्हस्व वेलांटीची रेघ व्यंजनाच्या आधी उभी राहते. ‘गर्दी’तला अर्धा र ऐकू येतो ‘द’च्या आधी आणि रफार होऊन बसतो ‘दी’च्या डोक्यावर. धाकट्याने श्रावणात एका पानावर मोठ्या उत्साहाने ‘रवानदेश’ असे लिहून आणले, कारण त्याच्या ‘ख’चे दोन्ही भाग एकमेकांपासून दूर उभे होते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांमध्ये तर शिरोरेखा कुठे तुटते यावरच अक्षराची ओळख ठरते. म्हणून कित्ता गिरवताना आम्ही ओळ भरण्याचा आग्रह सोडला आहे. पाटीवर एकच अक्षर मोठे काढायचे, मग दुरेघी वहीत ते अक्षर असलेले चार-पाच शब्द लिहायचे, त्यांपैकी सर्वांत चांगला शब्द त्यानेच निवडून त्याभोवती गोल करायचा आणि तेथे थांबायचे. ओळभर ‘ख ख ख’ लिहिणाऱ्या मुलाचा शेवटचा ‘ख’ बहुधा पहिल्यापेक्षा वाईट असतो, आणि हाताला सवय लागते ती त्या शेवटच्याची.

वळणाविषयी आणखी एक बाब नोंदवते. मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वापरावा, असे 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने ठरवून दिले आणि आम्ही तीच रूपे शिकवतो. आमच्या रस्त्यावरून केळी भरून उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रकांच्या मागे मात्र दंडाचा हिंदी ‘ल’ रंगवलेला असतो, तेव्हा धाकट्याला दोन्ही वाचता येतात. लिहायचा कोणता, यावर त्याचे आजीशी अधूनमधून वाद होतात आणि त्यात मी पडत नाही.

मोठीची गोष्ट अधिक विस्ताराने सांगण्यासारखी आहे. आषाढात तिला वांग्याच्या भरताची कृती सांगायला सांगितली आणि ती बोलत असताना मी शब्दशः लिहून घेतली. मोठी हिरवी वांगी कशी निवडायची, कपाशीच्या काड्यांवर भाजताना ती सारखी का फिरवायची, साल काढताना बोटे पाण्यात का बुडवायची, मिरच्या आणि लसूण किती ठेचायचा, कांद्याची पात कधी घालायची आणि शेजारच्या काकू पात का घालत नाहीत, असा मजकूर पानभर झाला. दुसऱ्या दिवशी तीच कृती तिने स्वतः लिहिली: ‘वांगी भाजली. साल काढली. भरीत केले. छान झाले.’ मुलीकडे सांगण्यासारखे काही नाही, असे ही चार वाक्ये पाहून एखाद्याला वाटले असते. तिला आणखी निबंध लिहायला लावणे हा त्यावरचा उपाय नव्हता. हात मंद आणि जोडाक्षरे कच्ची असल्यामुळे वाक्य मनात धरून ठेवणे तिला जमत नव्हते, एवढेच त्या अंतरावरून दिसत होते.

म्हणून पोळ्यापर्यंत तिच्याकडून स्वतंत्र लेखन जवळजवळ करून घेतले नाही. रोज 10 मिनिटे अनुलेखन (समोरचा उतारा पाहून लिहिणे), आठवड्यातून दोनदा श्रुतलेखन, आणि रचना मात्र तोंडी, एवढाच क्रम ठेवला. श्रुतलेखनाचा उतारा आधी नीट पाहू द्यायचा, त्यातील अवघड शब्द तिनेच शोधायचे आणि मगच मी वाचायचे. न पाहिलेला उतारा घालून चुका मोजण्यात शिकवणे थोडे आणि परीक्षा घेणे जास्त असते. तोंडी रचना ती सांगे आणि मी लिही. यावर आमच्या ओळखीतील काही पालकांचा आक्षेप आहे की आईने लिहून दिले म्हणजे मूल लिहायला शिकत नाही. त्यांना मी आपल्याच भागातील उदाहरण देते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (1880–1951) लिहिता येत नव्हते. त्यांची कविता मुलगा सोपानदेव यांनी आणि घरातल्यांनी ऐकून उतरवून घेतली, म्हणून ती आज आपल्यापर्यंत पोहोचली. रचना करणे आणि अक्षर काढणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, याला याहून सबळ पुरावा खानदेशात तरी शोधावा लागू नये.

पोळ्यानंतर हळूहळू लेखणी तिच्या हाती दिली. आधी तिने सांगितलेल्या मजकुरातील शेवटची दोन वाक्ये ती लिही, पुढे अर्धा मजकूर माझा आणि अर्धा तिचा, आणि नवरात्रापासून आठवड्यातील तीन दिवस पूर्ण परिच्छेद तिचा. या दिवशी अनुलेखन नसते; लेखनाचा एकूण वेळ 20 ते 25 मिनिटे होतो. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने 2012 साली प्राथमिक शाळांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत पहिलीपासून रोज 1 तास लेखनाला द्यावा, असे सुचवले आहे आणि अनेक पालक तो आकडा वाचून धास्तावतात. त्या तासातील निम्मा वेळ शिक्षकाने शिकवण्याचा आहे आणि इतर विषयांच्या निमित्ताने होणारे लेखनही त्यात धरलेले आहे, हे लक्षात घेतले तर आमची तोंडी रचना, चर्चा आणि प्रत्यक्ष लेखन मिळून आम्ही त्या तासाच्या फार मागे नाही.

तपासताना एका मजकुरात एकच गोष्ट पाहायची, हा नियम आम्ही काटेकोरपणे पाळतो. एका आठवड्यात पूर्णविराम, दुसऱ्या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घ. बाकीच्या चुका मी माझ्या वहीत टिपून ठेवते. तिने ‘आजीनी पिशवी’ असे लिहिले, तर ते मी चुकीत धरत नाही, कारण घरात आजी अहिराणीच बोलते. परिच्छेद प्रमाण मराठीत असेल तर ती स्वतःच वाचून दाखवताना ‘आजीची’ करते, आणि आजीचे बोलणे अवतरणात असेल तर ते तसेच राहते.

सरावाशिवाय होणारे लेखनही बरेच आहे आणि मी त्याला निम्मेच वजन देते, कारण त्यात मूल सोपे तेवढेच लिहिते. तरी त्यातून लिहिण्याचे प्रयोजन कळते, ते कित्त्यातून कळत नाही. भाद्रपदात तिने आजीकडून गुलाबाईची गाणी ऐकून उतरवून घेतली. बागेत केळीचे कोणते खोड कधी निसवले, म्हणजे त्यातून केळफूल कधी बाहेर पडले, याची वही दोघे मिळून ठेवतात, त्यात धाकटा तारीख घालतो आणि ती शेरा लिहिते. अमळनेरला असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढत. रोज अंक काढण्याची आमची ताकद नाही, म्हणून आम्ही दर रविवारी एका कागदाचे घरपत्र काढतो आणि ते धुळ्याच्या मामांना टपालाने जाते. मामा उत्तर लिहितात आणि त्यात हमखास एखादा प्रश्न विचारतात. भरताच्या कृतीला आलेला ‘पात घालायची की नाही, ते नीट लिही’ हा त्यांचा शेरा माझ्या कोणत्याही सूचनेपेक्षा अधिक उपयोगी पडला.

दिवाळीआधी भरताचाच विषय पुन्हा घेतला. तोंडी मजकूर पूर्वीइतकाच भरला. लेखी मजकूर त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक झाला, त्यात काड्या होत्या, फिरवण्याचे कारण होते आणि शेजारच्या काकूही होत्या. अक्षर शेवटच्या चार ओळींत बिघडले आहे, म्हणजे हाताचा दम अजून वाढायला हवा.

नातेवाइकांना भरलेली वही पाहिली की बरे वाटते आणि आमच्या वह्या पातळ असतात, त्यामुळे परीक्षेचा प्रश्न निघतोच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. सलग तीन तास लिहिण्याचा दम अकराव्या-बाराव्या वर्षापासून वाढवत नेला तरी वेळ पुरेसा आहे. सातव्या वर्षी त्याची तालीम सुरू करण्याचे कारण मला दिसत नाही. याला अपवाद एकच: नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा हात नियमित, थोड्या सरावानंतरही दुखत असेल, अक्षरे उलटी पडत असतील आणि लेखनाचे नाव काढताच ते रडत असेल, तर सराव वाढवू नये आणि तज्ज्ञांना दाखवावे.

पुढील टप्प्यात मोठीचे स्वतंत्र लेखन तीन दिवसांवरून चार दिवसांवर जाईल आणि मिनिटे तेवढीच राहतील. तिची इंग्रजी चौरेघी वही मराठी अनुलेखनाच्या 10 मिनिटांतूनच दोन दिवस घेईल, वेगळा वेळ मिळणार नाही. धाकट्याची जोडाक्षरे संक्रांतीनंतर सुरू होतील. तोपर्यंत त्याच्या ‘ख’चे दोन्ही भाग एकत्र येण्याकडे लक्ष आहे.