‘मुलांचं असेल तर लगेच बघतो’

पुण्यात पर्वती पायथ्याच्या जनता वसाहतीत आमचा प्रौढ साक्षरता वर्ग दुपारी दोन ते चार चालतो. सहकारनगरातली सकाळची धुणीभांडी उरकून बायका येतात आणि चारला संध्याकाळच्या कामांवर पळतात. त्या दिवशी एका कंपनीचे सीएसआर अधिकारी, म्हणजे कंपनीचा समाजकार्यासाठीचा निधी बघणारे, वर्ग बघायला येणार होते. पुढच्या वर्षीचा पैसा त्यांच्या होकारावर अडला होता.

अशी पाळी यायचं कारण 2020 मधलं. तोवर मुंबईची एक मोठी संस्था तिच्या परदेशी निधीतला थोडा वाटा आम्हाला द्यायची. आमचीही एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी होती, विवरणपत्रं वेळेवर जायची. त्या सप्टेंबरात कायदा बदलला आणि परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायला सरसकट बंदी आली. घेणारी संस्था नोंदणीकृत असली तरी. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 वर आली. मोठ्यांनी कसंबसं निभावलं. आमच्यासारख्यांना परदेशातून थेट कोण देणार?

साहेब तरुण होते, नम्र होते. मागे सतरंजीवर बसून त्यांनी तास पाहिला. मग एका मावशींना विचारलं, “शिकून काय फायदा झाला?”

मावशींनी ब्लाउजमधून रेशनची पावती काढली, घडी उलगडून त्यांच्यापुढे धरली. “हितं पाच लिवलंय. द्यायचा चारच. आता मी बोट ठेवून वाचते, मग गप देतो.”

साहेब हसले, त्यांनी पावतीचा फोटो काढला. बाहेर आल्यावर मात्र मला म्हणाले, “मॅडम, काम छानच आहे. पण सरकारचं ‘उल्लास’ आहे ना? आणि खरं सांगू, मुलांचं असेल तर लगेच बघतो. वर पटवायला सोपं जातं.”

‘उल्लास’ ही प्रौढ साक्षरतेची केंद्राची योजना आहे, खरंच आहे. 2022 ते 2027, पाच कोटी निरक्षर, 1037.90 कोटी रुपये. भागाकार केला तर पाच वर्षांत माणशी सुमारे 208 रुपये. शिकवणारे स्वयंसेवक, त्यांना मानधन नाही. शेवटी 150 गुणांची चाचणी. आमच्याही बायका या चाचणीला बसल्या, पास झाल्या, प्रमाणपत्रं घरात फ्रेम करून लावलीत. पण रोज दोन तास, महिनोन् महिने फुकट शिकवायला कोण येतं? परीक्षा संपली की पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे स्वयंसेवक गायब.

मुलांचं सोपं का, तेही मी त्यांना सांगितलं. सहा ते चौदा वयाला संविधानाचं कलम 21-क आहे, 2009 चा शिक्षण हक्क कायदा आहे. खासगी शाळांतल्या गरीब मुलांच्या 25 टक्के प्रवेशांचे सरकारकडून यायचे पैसे थकले तर शाळा हायकोर्टात जाऊ शकतात. पंधरा ओलांडलेल्या निरक्षराला कायदा नाही, नुसती योजना. योजनेची मुदत संपते, नवी येईपर्यंत नुसतं वाट बघणं. ‘साक्षर भारत’ ही प्रौढांसाठीची आधीची योजना 2018 च्या मार्चमध्ये अशीच बंद झाली. आम्ही कुठल्या कोर्टात जायचं?

“पण कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, सीएसआरचा पैसा कशावर खर्चता येतो त्या यादीत, शिक्षण आहे,” मी म्हटलं, “आणि त्यात स्त्रिया, वृद्ध असे शब्द स्पष्ट आहेत. वयाची अट नाही.”

“अनुसूचीत बसतं हो, मॅडम. कमिटीच्या मनात बसत नाही.”

मावशी दारात चपला घालत होत्या. त्यांनी ऐकलं असावं. “साहेब, त्या वयात आमी लोकांची पोरं सांभाळत होतो. तवा कायदा कुटं होता?” एवढं बोलून त्या गल्लीत उतरल्यासुद्धा, चारचं काम होतं.

महिनाभराने मंजुरी आली, प्रस्ताव बदलायच्या बोलीवर. आता कागदोपत्री आमचा प्रकल्प वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका आहे आणि आयांचा वर्ग त्यातल्या ‘पालक सहभाग’ या सदरात बसतो. अभ्यासिका खरोखर चालवतो, खोटं काही नाही. शिकवणाऱ्या ताईंचा पगार त्यातून निघतो. खोलीचं भाडं सदरात बसलं नाही, ते सध्या वर्गणीतून भरतो.