घाम थांबला

"ताई, सकाळपासून नुसता भिजून राहिलो होतो. आता घामच नाही येऊन राहिला. बरं वाटते."

दुपारचे दोन, पारा ४५ वर. समोरच्या बांधकामावरचे मिस्त्रीदादा. मनगटाला हात लावला, तर तवा. आणि पार कोरडा.

सावलीत बसवलं, दुपट्टा भिजवून मानेवर टाकला, टेबलफॅन लावला. सोबत्यांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी फोन आला, आता ठीक आहेत.

पण ते "बरं वाटते" डोक्यातून जातच नाही.

हवा अंगापेक्षा तापली की उष्णता बाहेर टाकायला शरीराकडे एकच वाट उरते, घाम वाळणं. आपल्या कूलरचंच तत्त्व. एक लिटर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण ते पाणी येतं रक्तातून. ते आटलं की हृदयाची धावपळ वाढते, मूत्रपिंडं लघवी आखडतात, ती गडद पिवळी होते, आणि शेवटी घामही थांबू शकतो. तो आराम नव्हे, धोक्याची खूण. इतकं सगळं आत चाललेलं, आणि माणूस वर थापी मारतोय.

उद्यापासून फाटकापाशी माठ ठेवतेय, सोबत मीठ-साखरेचा डबा.

तुमच्या गल्लीतल्या कामावर दुपारी प्यायचं पाणी कुठून येतं?